तीन दिवसांचं जुन्नर: शिवनेरी आणि लेण्याद्री करून परत फिरणाऱ्यांसाठी

जुन्नरला पहिल्यांदा जाणारा माणूस साधारण एकच करतो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्रीचा गणपती, संध्याकाळी ओझरला विघ्नहर आणि रात्री घरी. मीही तेच केलं होतं. दुसऱ्या खेपेला नाणेघाट बघायचा म्हणून ऐन श्रावणातल्या रविवारी गेलो, तीन तास गाड्यांच्या रांगेत बसलो, उलटा धबधबा अंगावर घेतला आणि ज्या शिलालेखासाठी आलो होतो तो न बघताच परतलो. लेणं घाटमाथ्यावर नसतं, घळीतून थोडं खाली उतरावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे चार-पाच वेळा जाऊन हळूहळू ओळख झाली. ज्यांना अशा जागांची ओढ आहे त्यांची तरी ही पायपीट वाचावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा, म्हणजे बाकीचं आपोआप सुटत जाईल: जुन्नर हे वाटेवरचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरला विसावायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. डोंगरातली लेणी, पाण्याची टाकी, किल्ले, बाजार हे सगळं त्या वाटेच्या कडेने उभं राहिलं. म्हणून जुन्नर बघायचं ते पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्या वाटेच्याच क्रमाने.

१. आधी महिना ठरवा, मग वार

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबरात भातखाचरं पिवळी झालेली असतात, कातळावर शेवाळ उरलेलं नसतं आणि टाक्यांत पाणी असतं. मार्चनंतर दुपारी लेण्यांच्या पायऱ्या तापतात.

पावसाळ्यात जाऊच नका असं मी म्हणणार नाही, कारण त्या दिवसांतला नाणेघाट खरंच वेगळा असतो. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे फक्त गर्दी बघायला मिळते. धुक्यात लेणं दिसत नाही, दगड निसरडे असतात, माळशेज घाटात दरडी येतात आणि प्रशासन अनेकदा बंदी आदेश काढतं. निघण्याआधी त्या आठवड्यातला आदेश बघून घ्या.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार धरा. संकष्टीला आणि रविवारी लेण्याद्रीला रांग असते. १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला, शिवनेरीवर लाखांनी माणसं येतात. तो सोहळा अनुभवायचा असेल तर त्यासाठीच जा, त्याच दिवशी लेणी उरकायचा बेत आखू नका.

२. कागदपत्रं आणि पिशवी

यादी लहान आहे, पण यातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी माझ्याकडे नव्हती आणि अडलं होतं.

- मूळ ओळखपत्र. लॉजवर आणि घरगुती मुक्कामाला मागतात.
- सुट्टे पैसे. घाटघर, पाडळीकडे नेटवर्क येतं-जातं, तिथे मोबाईलने पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.
- चांगला टॉर्च, मोबाईलचा नव्हे. शिलालेख वाचायला तो लागतोच, कसा ते पुढे सांगतो.
- आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, ऑफलाइन चालणारा.
- माणशी दोन लिटर पाणी. टाक्यांतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी स्थानिकांना विचारल्याशिवाय पिऊ नका.
- पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोकं झाकायला उपरणं किंवा पंचा.
- वही आणि पेन्सिल.

आणि काय नेऊ नये: अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल. मानमोडीच्या डोंगरात आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तीन गोष्टींनी माश्या उठतात. ही चेष्टा समजू नका.

३. घरीच चार अक्षरं शिका

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. जुन्नरच्या लेण्यांतले बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. सगळी लिपी शिकायची गरज नाही. एक शब्द शिका: ‘देयधम’, म्हणजे देयधर्म, धर्मासाठी दिलेलं दान. जुन्नरच्या लेखांत तो पुन्हा पुन्हा येतो.

अक्षरं चारच. ‘ध’ प्रत्यंचा चढवलेल्या धनुष्यासारखा दिसतो: एक बाक आणि एक सरळ रेघ. ‘य’ म्हणजे गलबताचा नांगर, वर उघडलेला बाक आणि मधोमध उभी काठी. ‘म’ला खाली गोल किंवा त्रिकोण असतो आणि वर दोन शिंगं. ‘द’ जरा अवघड आहे: उभी वळणदार रेघ, मधे फुगवटा, आणि डोक्यापाशी डावीकडे एक छोटी आडवी रेघ असेल तर तो ‘दे’. घरी वहीत वीस वेळा गिरवा. लेण्यात उभं राहून भिंतीवर हा शब्द आपल्या डोळ्यांनी सापडला की काय वाटतं, ते मी इथे लिहून सांगू शकणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीने मानमोडीवर तो पहिल्यांदा शोधला तेव्हा ती पाच मिनिटं तिथून हललीच नाही.

टॉर्चची युक्ती अशी: उजेड भिंतीवर समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. मग प्रत्येक खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर येतात. अक्षरांना हात लावू नका, खडूने गिरवू नका, फोटो नीट यावा म्हणून पाणीही मारू नका.

४. पोचायचं कसं, आणि नकाशाचा सापळा

पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटर, तिथून डावीकडे वळून जुन्नर आणखी १५. शिवाजीनगरच्या एसटी स्थानकावरून गाड्या मिळतात. मेट्रोच्या कामापासून हे स्थानक वाकडेवाडीला हललं आहे. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेजमार्गे यावं.

आता सापळा. मुंबईहून निघून नकाशात ‘नाणेघाट’ टाकलंत तर तो तुम्हाला वैशाखऱ्याजवळ, घाटाच्या पायथ्याशी, कोकणात नेऊन सोडू शकतो. तिथून वर पोचायला दोन-तीन तासांची चढण आहे. ती वाट सुंदर आहे, खरा जुना रस्ता तोच, पण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या माणसाला ते पायथ्याशी कळलं तर दिवस वाया जातो. गाडीने थेट घाटमाथ्यावर जायचं असेल तर नकाशात ‘घाटघर, ता. जुन्नर’ शोधा.

दुसरा सापळा ‘जुन्नर लेणी’ या नावाचा. जुन्नरच्या भोवती चार डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा. एकच खूण लावून गेलात तर एकच गट दिसेल.

मुक्काम जुन्नर गावात करा. लॉज साधे आहेत, पण तिन्ही दिशांना जायला तेच सोयीचं. घाटघरकडे घरगुती सोयही होते, मात्र आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवावं लागतं.

५. पहिला दिवस: नाणेघाट, आणि येताना कुकडेश्वर

सकाळी सहाला जुन्नर सोडा. अंतर ३०-३५ किलोमीटरच आहे, पण रस्ता माणिकडोह धरणाच्या कडेने वळणं घेत जातो, तासाभराहून जास्त धरा. पेट्रोल जुन्नरलाच भरा. एसटीने जायचं तर घाटघरच्या मोजक्याच फेऱ्या आहेत. परतीची वेळ कंडक्टरला विचारून वहीत लिहून घ्या.

माथ्यावर पोचलात की आधी एक भला मोठा दगडी रांजण दिसेल. घाटाने येणाऱ्या मालावरची जकात यात टाकत असत असं सांगतात. कड्यावर जाऊन कोकण बघा, पण तिथे रेंगाळू नका. समोर दोन कड्यांमधली अरुंद घळ आहे, दगडांनी बांधून काढलेली. त्या घळीतून खाली उतरायचं. मला हे सांगितलं ते घाटघरच्या एका आजोबांनी. गुरं हाकत चालले होते, मी वर घुटमळताना बघून थांबले आणि म्हणाले, “लेणं हितं नाय, खाली हाय. घळीतनं उतर, पाच मिंटं.” पाचच मिनिटं लागली.

लेणं म्हणजे एक मोठी चौकोनी खोली, तीन बाजूंनी दगडी ओटे. वाटसरूंनी इथे पाठ टेकली असणार. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. पहिल्या सातकर्णीची ही राणी. नवरा गेल्यानंतर तिने हा लेख कोरवला असं मानतात. त्यात त्यांनी केलेले अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण नावाची नाणी. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. काही अभ्यासक तो त्याच्याही मागे नेतात. एका बाईने आपल्या घराण्याचा हिशेब जाहीर ठिकाणी, चालत्या रस्त्यावर कोरून ठेवला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी. मला या लेखाचं सगळ्यात मोठं अप्रूप त्याचंच वाटतं.

इथे आकडे शोधा. दक्षिणेच्या हिशेबामुळे लेखात संख्याच संख्या आहेत आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. शून्य आणि स्थानमूल्य अजून आलेलं नाही. त्यामुळे २४,४०० कार्षापण लिहायचे तर वीस हजाराचं चिन्ह, चार हजाराचं चिन्ह, चारशेचं चिन्ह अशी मांडणी. हजाराच्या चिन्हालाच चार जोडला की चार हजार. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा अंक शोधायला लावा, अर्धा तास निघून जातो.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता ते झिजून गेले आहेत, पण वरची नावं वाचली गेली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, महारठी त्रणकयिर. १८२८ मध्ये सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याची माहिती प्रथम दिली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी लेख वाचला. त्यामुळे तुम्ही उभे आहात तिथे कोण बसलं होतं, हे निदान नावानिशी कळतं.

वेळ आणि पाय असतील तर जुन्या वाटेने अर्धा तास खाली उतरून बघा. कडेने खोदलेली पाण्याची टाकी लागतात. चढून येणाऱ्या बैलांना आणि माणसांना पाणी हवं, एवढा साधा हिशेब. त्यांच्यासाठी लेखांतला शब्द आहे ‘पोढी’. तो लक्षात ठेवा, उद्या मानमोडीवर पुन्हा भेटेल.

परतताना पूर गावाशी थांबून कुकडेश्वराचं मंदिर बघा. कुकडी नदीचा उगम इथलाच. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक मानलं जातं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला निदान अर्धा तास द्या. चप्पल बाहेर काढा आणि गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

वाटेत चावंडचा किल्ला लागतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्या पायऱ्या उडवल्या होत्या. आता वर जायला रेलिंगचा आधार आहे. वर सात टाक्यांचा समूह आहे, त्याला सप्तमातृका म्हणतात. पहिल्या दिवशी तो जोडू नका. जोडलात तर दोन्ही घाईत होतात.

६. दुसऱ्या दिवशीची सकाळ: मानमोडी

गावाच्या दक्षिणेला हा डोंगर आहे आणि त्यावर लेण्यांचे तीन गट: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलेणं. नावं नंतरच्या लोकांनी दिलेली, लेणी बौद्ध. सकाळीच जा, ऊन चढलं की माश्या जास्त चाळवतात. एकटं जाऊ नका. पायथ्याच्या वस्तीत विचारा, वाट दाखवायला कुणी ना कुणी येतं. त्यांचा दिवस मोडतो, त्याचे पैसे न मागता द्या.

भीमाशंकर गटात एका लेखात क्षत्रप, म्हणजे शक घराण्यातला, राजा नहपान याचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे, वर्ष ४६. शक गणनेने ते इसवी सन १२४ येतं. म्हणजे तेव्हा जुन्नर सातवाहनांच्या हातून क्षत्रपांकडे गेलेलं होतं. राज्य बदललं, पण पोढ्या खोदणं चालूच राहिलं.

अंबा-अंबिका गटातला चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध पूजागृह, अर्धवट राहिलेला आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर बरेच लेख आहेत, टॉर्चचा सराव इथे करा. जुन्नरच्या लेखांत राजे कमी आणि साधी माणसं जास्त आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून तिच्या उत्पन्नातून दान चालावं अशी सोय लावली. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ. आजच्या भाषेत पतपेढीसारखंही काम ती करायची. करंजाची झाडं लावण्यासाठी शेताचं उत्पन्न दिल्याचीही नोंद आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर डोंगर उतरताना करंज दिसला की थांबतोच.

भूतलेणं शेवटी ठेवा, कारण मानमोडीवरची सगळ्यात देखणी गोष्ट तिथे आहे. चैत्याच्या कमानीत वर अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे पाडले आहेत. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी, दोन्ही बाजूंना हत्ती आणि हात जोडलेली माणसं. आतलं लेणं पुरं झालं नाही, खडक दगा देत गेला असावा. इथेच लेख आहे की हे दर्शनी काम यवन चंद याचं दान आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. जुन्नरच्या लेखांत आणखी दोन यवन सापडतात: इरिल, ज्याने दोन पोढ्या दिल्या, आणि चिट, ज्याने संघाला भोजनमंडप दिला. काल ज्या घाटात उभे होतात तिथूनच ही माणसं वर आली असतील.

पोळी दिसली तर आवाज न करता, हात न हलवता मागे फिरा. कितीही दुरून आला असाल तरी. मी एकदा भूतलेण्याच्या पन्नास पावलं अलीकडून परत आलो आहे.

७. दुसऱ्या दिवशीची दुपार: तुळजा लेणी आणि लेण्याद्री

जेवायला जुन्नरात या आणि मासवडी मागा. नावात मास असलं तरी पूर्ण शाकाहारी. बेसन पाण्यात शिजवून ओल्या कापडावर थापतात, त्यावर तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा आणि लसूण यांचं कोरडं सारण पसरतात, गुंडाळी करून वड्या पाडतात. ताटात वडी वेगळी आणि झणझणीत रस्सा वेगळा येतो, सोबत बाजरीची भाकरी. वडी आधीच रश्शात बुडवून ठेवू नका, विरघळते. एकेक घास घेताना बुडवा. सगळ्या खानावळींत ती रोज नसते, सकाळी विचारून सांगून ठेवा.

मग पाडळीच्या बाजूला तुळजा लेणी. गावापासून चार-पाच किलोमीटर पश्चिमेला. इथे जवळपास कुणी नसतं, आणि जुन्नरमधलं माझं सगळ्यात आवडतं लेणं हेच. चैत्यगृह म्हटलं की आपल्याला कार्ल्यासारखी लांबट खोली आठवते. इथे मात्र गोल चैत्य आहे: मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं, जुन्नरच्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी. खांबांच्या आतून प्रदक्षिणा घाला. शेजारच्या खोलीत तुळजादेवी आहे, गावची नांदती देवी. नवरात्रात इथे गजबज असते. चप्पल काढून आत जा.

लेण्याद्रीला चार वाजता पोचा. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, माकडं भरपूर. हातात प्रसादाची पिशवी दिसू देऊ नका, चष्मा सांभाळा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. इथे ३० लेणी आहेत आणि येणाऱ्यांतले बहुतेक फक्त सातवं बघतात, कारण गिरिजात्मज गणपती तिथे आहे. दर्शन घेतल्यावर लक्ष द्या: हा मंडप मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे, बाजूंच्या खोल्या त्यांच्या राहण्याच्या. मग शेजारच्या सहाव्या लेण्यात जा. हे चैत्यगृह पूर्ण आणि सुस्थितीत आहे, खांबांच्या डोक्यावर हत्ती, वाघ-सिंह बसवलेले. दाराच्या वरच्या बाजूला एका ओळीत लेख आहे. तो सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ.

कल्याण. काल जिथून वाट सुरू झाली तेच. त्या बंदरातल्या एका सराफाच्या मुलाने घाट चढून इथे डोंगर कोरवून घेतला. या ओळीच्या शेवटी तुमचा ‘देयधम’ आहे. शोधा.

८. तिसरा दिवस, सकाळ: शिवनेरी

शिवनेरी गर्दीचा म्हणून गाळू नका. सात वाजता पायऱ्या चढायला लागा, साडेनऊपर्यंत उतरता. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा; जन्मस्थानाच्या इमारतीपाशी सकाळी शांतता असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे. किल्ल्याच्या कड्यांतही बौद्ध लेणी आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गटांच्या वाटा दृष्टिभय असलेल्या आणि घसरड्या आहेत. पहिल्या खेपेला पायऱ्यांची वाट सोडू नका.

उतरल्यावर गावाच्या पूर्वेला हापूसबागेतली सौदागर घुमट नावाची कबर बघून घ्या, वीस मिनिटं पुरतात. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर होती, याची आठवण करून देणाऱ्या ज्या थोड्या इमारती उरल्या आहेत त्यातली ही एक.

९. तिसरा दिवस, उरलेला अर्धा: पूर्वेकडे

इथून पुढे जागा विखुरलेल्या आहेत, स्वतःची गाडी हवी. चारही जमणार नाहीत, दोन निवडा.

खोडद. नारायणगावाच्या पूर्वेला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन हातांनी पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. शेतात कांदा आणि त्यामागे आकाशाकडे वळलेली जाळीदार तबकडी, असं दृश्य. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, आयत्या वेळी गेटवरून परत पाठवतात. आवारात मोबाईल बंद ठेवायचा असतो, कारण त्या लहरींनी निरीक्षणात बाधा येते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी खुलं प्रदर्शन भरतं. शाळकरी मुलं असतील तर तीच तारीख धरा.

बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आलेला. राखेच्या वयावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झाला; सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ती आहे असं मानणारे जास्त. याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. तिथे फलक आणि कठडे असतील अशी अपेक्षा ठेवू नका. गावात विचारूनच जा, आणि चिमूटभरही राख पिशवीत घालू नका.

आळे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे. भावंडं पैठणहून नेवासे करत आळंदीकडे परतत होती, तेव्हा रेड्याने इथे देह ठेवला अशी श्रद्धा आहे. सातवाहनांच्या मालाची वाट ज्या पैठणला जायची, त्याच पैठणहून उलट दिशेने आलेली ही गोष्ट. दुपारी देवळाच्या आवारात सावली असते, डबा खायला चांगली जागा.

आणे घाटातला नैसर्गिक पूल. कल्याण-नगर रस्त्यावर बेल्ह्याच्या पुढे गुळुंचवाडीजवळ आहे. ओढ्याच्या पाण्याने खालचा दगड कोरून नेला आणि वर कमान शिल्लक राहिली. खाली मळगंगेचं देऊळ. गाड्या इथून रोज धावतात आणि थांबत नाहीत, कारण रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

१०. बिबट्या, अंधार आणि माणसं

जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांत बिबटे राहतात आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. घाबरून बसू नका, पण अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या कडेने एकटं चालू नका, लहान मुलांचा हात सोडू नका, आडोशाला ओणवं बसू नका. गावकरी “आता नका जाऊ” म्हणाले तर ऐका. त्यांच्या घरासमोरचा तो रोजचा प्रश्न आहे.

पश्चिमेकडच्या पट्ट्यात महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. हिरडा गोळा करणं आणि भात हे त्यांचं मुख्य उत्पन्न. अंगणात हिरडा वाळत घातलेला दिसेल, त्यावरून चालू नका. घाटघरला चहा मागितलात तर घरातच बसवून देतात आणि पैसे घेताना संकोचतात. मग त्यांच्याकडून किलोभर तांदूळ विकत घ्या, दोघांनाही बरं पडतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आळेफाट्यावर या. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे कुठल्याही दिशेची एसटी मिळते. कल्याणची गाडी पकडलीत तर ती माळशेज उतरून मुरबाडला जाते. घाट उतरल्यावर डाव्या हाताला, उजेड असेल तर, नाणेघाटाचा अंगठ्यासारखा कडा दिसतो. खिडकीची जागा त्या बाजूची घ्या.